आईच्या कवळीचा सूड

लोक विचारतात, मॅडम, तुम्ही दातांच्याच डॉक्टर का झालात? मी सांगते, बारावीला मार्क तेवढेच पडले. लोक हसतात आणि विषय संपतो. खरं कारण असं की आमच्या यवतमाळातल्या एका माणसाचं तोंड मला एकदा माझ्या खुर्चीत, माझ्या दिव्याखाली उघडलेलं बघायचं होतं. त्यासाठी मी पाच वर्षं घोकंपट्टी केली, मेणाचे दात कोरले आणि मेसचं पाणचट वरण प्यायले.

तो माणूस म्हणजे त्या काळातले शहरातले मोठे दातांचे डॉक्टर. त्यांनी माझ्या आईचे सगळे दात काढले. आईने तेव्हा नुकतीच पंचेचाळिशी ओलांडली होती.

आई जिल्ह्यातल्याच एका सरकारी कचेरीत कारकून होती. रोज एसटीने अप-डाऊन करायची. कापसाचं सगळं बिनसलं होतं, ती ही वर्षं. आईच्या टेबलावर एका ठरावीक प्रकारचे अर्ज येत. घरचा कर्ता माणूस फवारणीचं औषध पिऊन गेला, की मागे राहिलेल्या बाईचा सरकारी मदतीसाठी अर्ज. त्या अर्जांवर बैठक बसायची आणि शेवटी ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडायचा. बैठकीत अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचं काम आईकडे होतं, कारण तिचा आवाज स्वच्छ होता आणि जोडाक्षरावर ती कधी अडखळत नसे. साहेब लोक चहा पीत अर्धवट ऐकत. कुणाचं लक्ष उडालं, की आई थांबायची, चष्मा पुसायची आणि तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायची. घरी आम्हाला म्हणायची, “नीट वाचलं तर नीट ऐकतात. त्या बाईच्या बाजूनं तिथं दुसरं कोनी नसते.”

हे काम तिने मनावर घेतलं आणि तिची झोप उडाली. एका डॉक्टरने गोळी लिहून दिली. झोप आली, पण तोंड वाळलं. गोळीमुळे तोंड वाळतं, हे तिला गोळी देणाऱ्याने सांगितलं नाही आणि औषधाच्या दुकानदारानेही सांगितलं नाही. दोन ओळी वाचल्या की जीभ टाळूला चिकटायची. पाणी प्यावं तर कचेरीत बायकांच्या संडासाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो शिपाई कधी जागेवर नसायचा. दिवसभर कचेरी, नंतर तासाभराची एसटी. त्या कचेरीतल्या बायका सकाळी घरून घोटभर चहा पिऊन निघत आणि संध्याकाळी घरी येऊनच पाण्याला तोंड लावत. आईनेही तेच केलं. पाण्याऐवजी ती खडीसाखरेचा खडा गालात धरून वाचायची. खडा विरघळला की दुसरा.

खडीसाखर मी आणून द्यायचे. अकरावी-बारावीला मी दर संकष्टीला मैत्रिणींबरोबर कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायचे आणि देवळाबाहेरच्या दुकानातून आईसाठी मोठी पुडी घ्यायचे. पुडी बघून आईचा चेहरा उजळायचा. घरात माझ्या हातून होणारं तेवढंच एक शहाणपणाचं काम होतं.

वर्ष-दीड वर्षात आईचे दात हिरड्यांपाशी तपकिरी व्हायला लागले. एक दिवस वरणभात खाताना समोरचा दात तुटून ताटात पडला. वरणभातात! आम्ही त्या डॉक्टरांकडे गेलो. मे महिना, बाहेर बाकांवर पंधरा-वीस माणसं, आणि कूलरची हवा आत यावी म्हणून दवाखान्याचं दार सताड उघडं. आई खुर्चीत बसली, मी तिची पिशवी घेऊन दारात उभी राहिले. त्यांनी आरसा घातला, काढला, आईला काहीतरी विचारलं. कूलरच्या घरघरीत मला ते ऐकू आलं नाही. पुढचं मात्र सगळ्या बाकांना ऐकू गेलं.

“काहून बाई, दात घासता का नाही? शिकल्यासवरल्या दिसता, अन् तोंडाचा उकिरडा करून ठेवला!”

बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. माझी आई, जी रात्री झोपण्यापूर्वीही दात घासल्याशिवाय गादीला पाठ लावत नसे, ती मान खाली घालून ऐकत राहिली. मला वाटलं, ती आता चष्मा पुसेल आणि काहीतरी बोलेल. चष्मा तिच्या नाकावरच राहिला. पाच-सहा खेपांमध्ये त्यांनी सगळे दात काढले आणि वरखाली कवळी बसवली.

कवळी बसवली म्हणायचं, ती बसली कधीच नाही. खालची तर जिभेच्या नुसत्या हालचालीने उचलली जायची. हिरड्या सोलवटून निघाल्या. परत दाखवायला गेलं की डॉक्टर म्हणायचे, “सवय होईल.”

मग ती बैठक झाली. अर्ज करणारी बाई समोर स्टुलावर बसलेली, पदर डोक्यावर. आई वाचायला लागली. दुसऱ्याच वाक्याला खालची कवळी सुटली, तोंडातून बाहेर आली आणि टेबलावर, त्या बाईच्या अर्जावर पडली. एक साहेब म्हणाले, “बाई, आधी दात आवरा.” सगळे हसले. स्टुलावरची बाई उठली. तिने कवळी उचलली, आपल्या पदराने पुसली आणि आईच्या हातात दिली. आईने आम्हाला हे एकदाच सांगितलं, तेही त्या बाईच्या कौतुकाने.

दुसऱ्या दिवशी आईने अर्ज देऊन आवक-जावकचं टेबल मागून घेतलं. अर्ज वाचायला एक बाबू आला. त्याच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, त्यामुळे निम्मे शब्द गालातच राहायचे. आई भिंतीपलीकडे बसून ऐकायची. आईने त्यानंतर मोठ्याने काहीही वाचलं नाही, घरात वर्तमानपत्रसुद्धा नाही. कुणी आग्रह केला, तर म्हणायची, “मले नाही जमत आता, बाप्पा.”

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला लाळ शिकवली. आपल्याकडे थुंकी म्हणजे घाण, रस्त्यावर टाकायची गोष्ट. पण दात टिकतात ते तिच्या जिवावर. ती दातांवरचं आम्ल धुऊन काढते, अन्नाचे कण हलवते, दाताची झीज भरून काढायला मदत करते. ती आटली, की दात हिरड्यांपाशी कुजतात, अगदी आईचे कुजले तसेच. आणि कवळी हिरडीवर धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. कोरड्या तोंडात कवळी बसवणं म्हणजे कोरड्या भिंतीवर खळीशिवाय पोस्टर चिकटवणं. सरांनी सांगितलं, आरसा गालाला चिकटला की डॉक्टरने ओळखायचं. जिभेखाली बोट घालून बघायचं, ओल आहे का. रोग्याला विचारायचं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. एवढंच. दोन मिनिटांचं काम होतं.

त्या तासाला माझ्या वहीत पेन घुसून पान फाटलं. माझा त्या माणसावर आधीपासूनच दात होता, आता त्याला पुस्तकाचा आधार मिळाला. साखरेचा धडाही मी त्याच वर्षी पाठ केला. कोरड्या तोंडात गोड सगळ्यात वाईट, आणि त्यातही चघळत ठेवायचं गोड. चांगले मार्क मिळाले मला त्या प्रश्नाला. पण ती खडीसाखर आणि आईचे दात मी कधी एका वाक्यात आणले नाहीत. घरात पुडी आणणं मात्र तेव्हापासून बंद केलं, का ते स्वतःलाही न सांगता.

मी यवतमाळातच दवाखाना टाकला, त्यांच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. माझ्याकडे कोरड्या तोंडाचे रोगी येत राहिले. झोपेच्या, उदासपणाच्या, बीपीच्या गोळ्या खाणारे, शुगरवाले निवृत्त मास्तर, खर्रा खाऊन गाल आखडलेले बाप्ये. घाटंजीच्या बाजारावरून परस्पर एसटीत बसून आलेल्या बायका. त्यांना मी आरडाओरडा करून सांगायचे. पाण्याची बाटली जवळ ठेवा, घोट घोट प्या, एकदम ढसाढसा नाही. साखरेचं काहीही चघळू नका. लाळ सुटावी म्हणून चिंच, बोरं चोखू नका, आंबटानेही दात झिजतात. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा. फ्लोराईडची पेस्ट मी देते तीच वापरा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना माझी चिठ्ठी दाखवा, बदलून देतील किंवा कमी करतील. लोक मला ‘थुंकीवाली बाई’ म्हणायला लागले. म्हणू देत. मी ज्याची वाट बघत होते तो अजून यायचा होता.

दवाखाना केव्हाच बंद करून घरी बसलेला तो आला, तेव्हा मी ओळखलंच नाही. ऑटोतून उतरलेला, काठी टेकत आलेला म्हातारा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. चार शब्द बोलला आणि जिभेचा चट चट आवाज आला. तो आवाज मला झोपेतही कळतो. पुढे त्यांनी नाव सांगितलं. पत्नी गेल्यापासून झोपेसाठी गोळी चालू आहे म्हणाले. माझ्या आईची होती तशीच गोळी.

“बसा, सर,” मी म्हणाले, आणि दिवा लावला.

तोंड उघडलं. आरसा गालाला चिकटला, सोडवताना चर्र झालं. जीभ लाल, भेगाळलेली. दात हिरड्यांपाशी तपकिरी. देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. इतका आनंद मला माझ्या पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. मी उठले, बाहेरचं दार सताड उघडलं. बाकांवर सात-आठ माणसं होती. परत आले आणि इतक्या वर्षांत आंघोळ करताना, भांडी घासताना पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं.

“काहून सर, दात घासता का नाही? शिकलेसवरले दिसता, अन् तोंडाचा उकिरडा करून ठेवला!”

या वेळी बाकावरचं कुणी हसलं नाही. मी टेबलाच्या खणातून ग्लुकोजचं बिस्कीट काढून त्यांच्या हातात दिलं. “खा. पाणी नाही मिळणार.” ही खरी तपासणी आहे, पुस्तकातली. लाळ नसेल तर बिस्कीट गिळता येत नाही. पण एका घासात निकाल लागतो, पूर्ण बिस्कीट खायला लावायची गरज नसते. मी पूर्ण खायला लावलं. ते चावत राहिले. ओठांच्या कोपऱ्यांतून भुकटी पडत होती, डोळ्यांत पाणी आलं, घास घशाखाली उतरेना. मी घड्याळाकडे बघत उभी होते. मग पाण्याचा ग्लास दिला.

ते पाणी प्यायले, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, “माहीत आहे मला ही तपासणी. मी कधी कोणाची केली नाही.” रुमालाची घडी घालत म्हणाले, “काढून टाका सगळे. कवळी बसवा. माझ्यानं हे निस्तरणं होत नाही आता.”

त्यांच्या तोंडात सोळा दात वाचण्यासारखे होते. मी मोजले होते. गोळी बदलून घेतली असती, सिमेंट भरलं असतं, फ्लोराईडचं वार्निश लावलं असतं, तर ते त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत गेले असते. आणि हा माणूस स्वतःच्या तोंडाने माझ्याकडे कवळी मागत होता! सही त्यांची, मर्जी त्यांची. मला कुणी बोट लावू शकलं नसतं. मी कागद पुढे केला, त्यांनी सही केली. सोमवारी या, म्हणून सांगितलं.

उठताना त्यांनी विचारलं, “तुम्ही कचेरीतल्या त्या वाचणाऱ्या बाईंची मुलगी का?”

मी हो म्हटलं.

“तुम्ही वाक्य म्हटलं तेव्हाच लक्षात आलं. त्यांच्या गालात खडीसाखरेचा खडा होता. माझ्या आरशाला चिकटून बाहेर आला. मी विचारलं त्यांना, तोंडात गोड ठेवता का? दोनदा विचारलं. नाही म्हणाल्या. खडा समोर दिसत असून नाही म्हणाल्या, म्हणून माझं डोकं फिरलं.”

“माझी आई खोटं बोलत नाही,” मी म्हणाले. ते काठी शोधत होते, ती मी त्यांना उचलून दिली नाही.

संध्याकाळी मी श्रीखंड घेऊन घरी गेले. साजरं करायचं ठरलं होतं, ते म्हाताऱ्याच्या थापांसाठी का सोडायचं? आई कवळी वाटीत काढून ओसरीवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, बिस्किटापर्यंत. मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, “म्हाताऱ्या मानसाले असं कायले केलं तू?”

“अन् वरून म्हणतो काय, त्यानं तुले विचारलं होतं म्हणून. गोड ठेवता का.”

आईने श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

“विचारलं होतं.”

“मंग नाही काहून म्हटलं?”

“तू दारातच उभी होती ना. माही पिशवी घेऊन. पुडी पिशवीतच होती.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “एवढ्या उन्हातानात एसटीनं जाऊन आणायची तू. हाव म्हटलं असतं, तर त्यानं तिथंच सांगतलं असतं, का यानंच दात गेले म्हणून. तुले काय वाटलं असतं, पोट्टे?”

वीस वर्षं मी एका माणसाला शिव्या देत होते आणि पुडी माझ्या हातात होती. आई मात्र उकिरडा हा शब्द एवढ्या लोकांत गिळून बसली, कारण मी ऐकत होते. मला रडू आलं आणि आईचा रागही आला. तिने हो म्हटलं असतं, तर काही दात वाचले असते.

सोमवारी ते आले. मी चिमटे, इंजेक्शन काहीच बाहेर काढलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, कवळी मिळणार नाही. ते वैतागले. म्हणाले, मी सही केली आहे. मी त्यांच्यासमोर तो कागद फाडला. मग त्यांना म्हणाले, “सर, खडा आरशाला चिकटला ते तुम्ही बघितलं. आरसा गालाला चिकटत होता ते नाही बघितलं. एवढी शिकलेली बाई दिवसभर तोंडात खडा का धरून बसते, हेही नाही विचारलं. तुमचे सोळा दात मी वाचवणार. दर महिन्याला यायचं.”

मी त्यांना माफ केलं, असं कुणी समजू नये. दात किती थोडक्यात वाचतात, ते मी त्यांना दर महिन्याला हातात आरसा देऊन दाखवते. घोटभर पाणी, एक पेस्ट, एक चिठ्ठी. ते आरशात बघतात. एकदा म्हणाले, “पुरे करा आता.” मी म्हणाले, “पुढच्या महिन्यात याच तारखेला.” ते येतात. सोळाच्या सोळा दात जागेवर आहेत. मी त्यांना एकही पडू देणार नाही.

माझ्या दवाखान्यात आता एक नियम आहे. तोंडात काय ठेवता, हे विचारायच्या आधी मी बरोबरच्या माणसांना बाहेर पाठवते, मग तो नवरा असो, सून असो की लेक, आणि दार लावून घेते. बायका आधी दाराकडे बघतात, मग सांगतात. कुणी गूळ सांगते, कुणी पेपरमिंटच्या गोळ्या, एक तर नातवाने आणलेली चॉकलेटं म्हणाली.

परवाच्या संकष्टीला आई म्हणाली, “कळंबले जाशीन तर आण एखादी पुडी. आता दात कुठं राह्यले खराब व्हायले?” मी गेले. दुकान तिथेच होतं. पुडी आणून दिली, तशी तिने लगेच एक खडा गालात सरकवला. मी समोर बसले होते. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “मी नाही ठेवत बाप्पा काही तोंडात.” आणि दोन्ही हिरड्या दिसेपर्यंत हसली.